आत्याबाईंची फायनल

हरत चाललेला सामना शेवटच्या चेंडूपर्यंत बघणारी माणसं मला फारशी भेटली नाहीत. माझे वडील चार विकेट पडल्या की रेडिओचं बटण फिरवून शेताकडं निघत. नवऱ्याचं तर दोनच विकेटांवर डोकं दुखायला लागतं. आत्याबाई मात्र बसायच्या. सामना, भांडण, लग्न, मयत, रटाळ भाषण, जे काही सुरू झालंय ते संपेपर्यंत त्या जागच्या हलत नसत. अशा बाईच्या घरात मी पाच वर्षं भाड्यानं राहिले.

शहागंजजवळच्या एका शाळेत मी नुकतीच लागले होते. खोली शोधत शोधत गुलमंडीच्या मागच्या गल्लीत पोचले. दार उघडलं ते साठीच्या, उंच, हाडापेरानं मजबूत अशा बाईनं. हातात निवडायला घेतलेली मेथी होती. मला वाटलं, जात विचारतील, गाव विचारतील, लग्नाचं विचारतील. त्यांनी विचारलं, "भांडण झालं तर मधीच दार आपटून जायची सवय हाय का तुला?"

मी म्हणाले, "नाही."

"मग ये वर. मला अर्धं भांडण चालत नाय. भांडायचं तर पुरतं भांडायचं, मग चहा."

पुढं कळलं की ही काही गंमत नव्हती. समोरच्या घरातले दोघं भाऊ नळाच्या पाण्यावरून एकमेकांच्या अंगावर गेले, तेव्हा आत्याबाईंनी दोघांनाही आपल्या ओट्यावर आणून बसवलं. "आता बोला. सगळं बोलून घ्या, मनात काय ठेवू नका." ते दोघं बोलून बोलून दमले, शेवटी काय बोलावं तेच सुचेना, तरी त्यांनी उठू दिलं नाही. धाकटा म्हणाला, "आत्याबाई, झालं आता." तेव्हा कुठं चहा आला.

त्या साऱ्या गल्लीच्या आत्याबाई होत्या, कारण हे त्यांचं माहेर. लग्न होऊन गंगापूरकडच्या एका खेड्यात गेल्या, नवरा वारल्यावर परत वडिलांच्या घरी आल्या. भावांची मुलं त्यांना आत्या म्हणत, मग गल्लीही म्हणायला लागली, मग भाजीवाले, रिक्षावाले, अगदी पोस्टमनसुद्धा. पोलीस ॲक्शनच्या आधी वर्ष-दीड वर्ष त्या उर्दू शाळेत गेल्या होत्या. शाळा पुढं मराठी झाली, पण आकडे त्यांच्या तोंडात उर्दूच राहिले. क्रिकेटच्या धावा त्या "इकतीस, बत्तीस, तैंतीस" अशाच मोजत. चौकार गेला की मधले आकडे गाळत नसत. चारही मोजायच्या.

क्रिकेटचं वेड त्यांना कधी लागलं ते कुणालाच सांगता येत नसे. त्यांच्या खिडकीखालच्या बोळात पोरं खेळायची आणि त्या वरून बघायच्या. ज्यांची बॅटिंग आधी झालीय ती पोरं फिल्डिंगच्या वेळी "आई बोलावती" म्हणून पळून जातात, हे जगभर चालत असेल, आमच्या बोळात चालत नसे. आत्याबाई चपला घालून खाली उतरत आणि थेट त्या पोराच्या घरी जात. आईसमोर विचारत, "बोलावलं का गं ह्याला?" पोरगं मुकाट परत यायचं. सामना संपला की त्या गूळ-शेंगदाणे वाटत, आणि हरलेल्यांना आधी देत. एकदा पोरांनी शेंगदाण्यांसाठी मुद्दाम हरायला सुरुवात केली. तेव्हा त्यांनी दोन्ही संघांना काहीच दिलं नाही आणि आठवडाभर खिडकी लावून घेतली. आत्याबाई वरून बघत नाहीत म्हटल्यावर पोरांचं खेळात लक्ष लागेना. शेवटी सगळी मिळून माफी मागायला आली.

त्यांच्यासोबत कुठं जायचं म्हणजे संकटच असायचं. सिनेमा कितीही भिकार असो, शेवटचा पडदा पडल्याशिवाय त्या उठत नसत. लग्नाला गेल्या तर मांडव सोडायला लागलेल्या माणसांना सतरंज्यांच्या घड्या घालून देत. आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला मी हौसेनं त्यांना नेलं. पाहुण्यांनी भाषण लांबवलं, पालक एकेक करून सटकले, मुलं पेंगली. आत्याबाई पहिल्या रांगेत ताठ बसून ऐकत होत्या. पाहुणे त्यांच्याचकडं बघून बोलत राहिले. मी कानाशी लागून म्हणाले, "चला ना." त्या म्हणाल्या, "त्याला बिचाऱ्याला कुठं थांबावं कळंना झालंय. आपण उठलो तर त्याचं कसं व्हायचं?"

तेव्हा मला हा सगळा हट्टीपणा वाटायचा. चांगल्या मनाच्या, पण विक्षिप्त बाईचा हट्टीपणा. तो हट्टीपणा नव्हता, हे कळलं पैठणच्या वाटेवर.

नाथषष्ठीला आमच्या गल्लीतून दरवर्षी एक छोटी दिंडी पायी पैठणला जायची. पन्नाससाठ माणसं, एक पखवाज, एक सामानाचा टेम्पो. गंगापूरकडची काही शेतकरी आणि मेंढपाळ मंडळी शहरात येऊन त्यात मिसळायची. आत्याबाई वर्षानुवर्षं जात होत्या. त्या वर्षी मला म्हणाल्या, "चल. पाय काय नुसते शाळंत जायलाच दिलेत का देवानं?" मी गेले.

दुष्काळाचं वर्ष होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं उघडी पडलेली, मोसंबीच्या बागा उभ्या वाळलेल्या. सोबतच्या शेतकऱ्यांची नजर सारखी त्या वाळक्या झाडांवर जायची आणि अभंगात मधेच त्यांचा आवाज खाली यायचा. आणि नेमकी वाटेतल्या रविवारी वर्ल्डकपची फायनल होती. तिकडं आफ्रिकेत. आपला संघ पुष्कळ वर्षांनी तिथवर पोचला होता. दिंडीतले तरुण तोंडानं ज्ञानोबा-तुकाराम म्हणत होते, पण त्यांचं चित्त कुठं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही मुक्कामाच्या गावाला पोचलो. शाळेच्या पटांगणात उतरलो. जेवणं झाली. आत्याबाई हात पुसत गावात गेल्या आणि परत आल्या त्या एका तरुण शेतकऱ्याला घेऊन. त्याच्या डोक्यावर छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. लाईट सकाळपासूनच गेली होती. त्यानं ट्रॅक्टर शाळेच्या व्हरांड्याला आणून लावला, बॅटरी काढली, वायर जोडली, आणि एक माणूस अँटेना धरून छपरावर चढला.

दिंडीचे महाराज, पिकल्या मिशांचे, शांत गृहस्थ, लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "आत्याबाई, हे दिंडीत बरं दिसतं का?"

"नाय दिसत," आत्याबाई म्हणाल्या. "पण ह्या पोरांचे पाय इथं आन् जीव तिकडं. संध्याकाळच्या कीर्तनात तुम्ही बोलाल आन् ही कान दुसरीकडं लावून बसतील. त्यापरीस बघू द्या. बघून झालं की सगळे तुमचे."

महाराज हसले आणि गेले.

पहिला डाव सगळ्या गावानं बघितला, आणि बघता बघता सगळं गाव गप्प झालं. ऑस्ट्रेलियाचे गोरे असं काही मारत होते की चेंडू परत मैदानात येतोय की नाही अशी शंका यावी. आत्याबाई मात्र धावा उर्दूत मोजत होत्या, त्यांच्याही तितक्याच नीट.

त्यांच्या शेजारी गंगापूरकडचा एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. लाल फेटा, खांद्यावर घोंगडी. मेंढरं भावाच्या हवाली करून वारीला आलेला. त्यानं जन्मात क्रिकेट बघितलं नव्हतं. आत्याबाई त्याला समजावून सांगत होत्या.

"ह्ये पळत्यात कशापायी?" त्यानं विचारलं.

"चेंडू लांब गेला की पळायचं."

"आन् जवळ असला की?"

"मग थांबायचं."

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्या मेंढरांचं बी असंच असतं. लांब गेली की आम्ही पळतो, पण मेंढरं नाय थांबत." आजूबाजूचे हसले. त्या दुपारी तेवढंच हसू झालं.

आपली बॅटिंग सुरू झाली आणि पहिल्याच षटकात, ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती तोच परतला. पटांगणातून एक उसासा आला, जसा मोठ्या घरात कुणी गेल्यावर येतो. काही माणसं तिथंच उठली. पण दुसरा सलामीवीर मारत होता, म्हणून बरीच थांबली. आणि मग तिकडं पाऊस आला.

पडद्यावर माणसं मैदान झाकताना दिसत होती. मेंढपाळ पुढं सरकून बघायला लागला. "खरा पाऊस हाय त्यो?"

"खरा," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"आमच्याकडं दोन पावसाळे कोरडे गेले," म्हातारा हळूच म्हणाला, "आन् तिथं खेळाच्या मैदानात पडायलाय."

"पडू द्या बाबा," दिंडीतला एक तरुण म्हणाला. "लई पडू द्या. मॅच रद्द झाली तर वाचलो आपण. उद्या परत पहिल्यापासून खेळतील."

हे एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं. कुणीतरी टाळ उचलले. दुसऱ्यानं उचलले. पखवाजवाला सरसावून बसला आणि बघता बघता नामाचा गजर सुरू झाला, आफ्रिकेतला पाऊस थांबू नये म्हणून. वाळक्या रानातून चालत आलेली ती माणसं डोळे मिटून, घामानं निथळत देवाला पाऊस मागत होती. सुरुवातीला गमतीनं, मग गंमत कुठं संपली ते कळलंच नाही. दोन वर्षांत मागून न मिळालेलं सगळं त्या गजरात आलं होतं. मेंढपाळाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मीही टाळ्या वाजवत होते.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या टीव्हीसमोर जाऊन आमच्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. गजर हळूहळू थांबला.

"पाऊस मागायचा असंल तर आपल्या रानासाठी मागा," त्या म्हणाल्या. "मी बसते तुमच्याबरोबर, रात्र गेली तरी बसते. पण आपली हार चुकावी म्हणून देवाला मधी घालू नका. त्या गोऱ्यांनी दिवसभर उन्हात मारलंय. ते काय फुकट मारलंय का?"

सगळ्यात आधी मेंढपाळानं टाळ खाली ठेवले. मग बाकीच्यांनी. मला आजही ते सगळं आठवतं. ती साधी चुरगळलेली नऊवारी, पायांच्या भेगांत भरलेली धूळ, आणि पन्नास-साठ माणसांच्या प्रार्थनेला थांब म्हणणारा तो आवाज.

तिकडं पाऊस उघडला. खेळ सुरू झाला. मारणारा तो सलामीवीर धावबाद झाला आणि मग विकेटी पडतच गेल्या. दिवस मावळला होता. पटांगण रिकामं होऊ लागलं. कुणी पाण्याला गेलं, कुणी अंथरूण टाकायला, कुणी उगीचच. शेवटी व्हरांड्यात आत्याबाई, मी, मेंढपाळ आणि ट्रॅक्टरवाला एवढेच उरलो. अँटेना धरणारा छपरावरून कधी उतरून गेला कळलंही नाही. चित्र मुंग्यामुंग्यांचं दिसत होतं.

ट्रॅक्टरवाला उठला आणि बॅटरीच्या वायरीला हात घालत म्हणाला, "बंद करतो. बघवत नाय आता."

"थांब रे बाळा," आत्याबाई म्हणाल्या. "टीव्ही तुझा, बॅटरी तुझी. बंद करायचा तुझा हक्कच हाय. पण आधी एक ऐकून घे."

तो हात वायरीवर तसाच ठेवून उभा राहिला.

"माझा नवरा कुस्ती खेळायचा. आमच्याकडच्या जत्रंत त्याची मोठी कुस्ती लागली. माझं लग्न होऊन सहा म्हैने झालेले. गावानं त्याला खांद्यावर बसवून वाजतगाजत नेलं. बायांनी फडाजवळ जायचं नसतं, म्हणून मी लांब बैलगाडीत बसलेली. तिथून मला नुसती माणसांची डोकी दिसायची. मग एकदम आवाज झाला आन् डोकी दुसरीकडं वळली. वाजंत्री दुसऱ्याच्या मागं गेली. ज्यांनी ह्याला खांद्यावर आणलं ते बी गेले. सासरे गेले, दीर गेले. फड मोकळा झाला तवा मला तो दिसला. मातीत बसलेला. मान खाली घातलेली."

"मग?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

"मग काय. गाडीतला तांब्या घेतला आन् गेले फडात. लई बोलले लोक. बाई मातीत शिरली म्हणले. मी जाऊन त्याच्यासमोर बसले. तो म्हणला, जा इथून. मी म्हणलं, तुम्ही उठल्याबिगर नाय जात. दोघं बसलो तसेच. दिवस मावळला. मग त्यानं पाणी पिलं, आन् उठला."

टीव्हीवर आणखी एक चौकार गेला आणि त्यांनी पुटपुटत चार मोजले.

"पुढं बारा वर्षं जगला तो. पुष्कळ कुस्त्या जिंकला. त्यातल्या एकीबद्दल बी कधी माझ्याशी बोलला नाय. त्या दिवसाबद्दल मातर दर जत्रंला बोलायचा. म्हणायचा, तू आली नसतीस तर मी त्या मातीतून उठलोच नसतो."

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पण आत्याबाई, तुमचे मालक समोर होते. ह्यांना तिकडं आफ्रिकेत काय कळणार, आपण बसलोत का उठलोत ते?"

"नाय कळणार," त्या म्हणाल्या. "आपल्याला कळंल ना."

त्यानं वायरीवरचा हात काढला. मग कुणी न सांगता तो छपरावर चढला आणि अँटेना धरून उभा राहिला. ज्याला बघवत नव्हतं तो आता बघू शकत नव्हता, आणि वरून विचारत होता, "दिसतंय का? आता दिसतंय का?"

तेवढ्यात महाराज आले. कीर्तनाची वेळ झाली होती, माणसं जमली होती. आत्याबाई हात जोडून म्हणाल्या, "महाराज, तुम्ही करा सुरू. मी काय मधनं येऊन बसणार नाय, मागं उभी राहून ऐकीन."

महाराजांनी टीव्हीकडं बघितलं. त्या लहानशा काचेवर आपली दोन पोरं उभी होती आणि सगळं संपल्यात जमा होतं.

"किती गडी राहिले?"

"दोन."

महाराजांनी उपरणं झटकलं आणि पायरीवर बसले. त्यांना बोलवायला आलेला टाळकरी बसला. त्याला शोधत आलेले दोघं बसले. महाराज का येत नाहीत म्हणून हळूहळू सगळी दिंडी आली आणि पटांगण पुन्हा भरलं. वरून मधूनमधून आवाज यायचा, "दिसतंय का?" आणि पन्नास माणसं एकदम म्हणायची, "दिसतंय."

शेवटचा गडी गेला. आत्याबाई उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. क्षणभर त्या एकट्याच वाजवत होत्या. मग मेंढपाळानं घोंगडी बाजूला ठेवून वाजवल्या, मग महाराजांनी, मग सगळ्यांनी. छपरावरच्या माणसाला दोन्ही हात मोकळे करायचे होते, म्हणून त्यानं अँटेना सोडली आणि चित्र गेलं. अंधारात टाळ्या तेवढ्या ऐकू येत राहिल्या.

माणसं कीर्तनाच्या जागेकडं निघाली. मेंढपाळ माझ्या बरोबरीनं चालत म्हणाला, "उद्या परत खेळत्यात का ह्ये?"

"नाही बाबा, आता चार वर्षांनी."

"चार वर्सं," तो म्हणाला. "लई सबुरीचा खेळ हाय म्हणायचा."

आत्याबाई कुठं दिसेनात. मला वाटलं, पुढं जाऊन बसल्या असतील. त्या शाळेच्या मागच्या हापशापाशी होत्या. दिंडीची रिकामी भांडी तिथं ओळीनं मांडून ठेवलेली होती, टेम्पोवाल्यानं सकाळसाठी. त्या हापशाच्या दांड्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मी जवळ गेले तर रडत होत्या. बारीक पोर रडतं तशा, तोंड वेडंवाकडं करून.

"आत्याबाई," मी म्हणाले.

"लई वाईट वाटलं गं मला," त्या म्हणाल्या. "लई आशा होती. सकाळपासून चालताना तेच मागत होते मी नाथांना. तुम्हाला सगळ्यांना नको म्हणलं आन् मी मागत होते."

पलीकडून पखवाज ऐकू यायला लागला. कुणीतरी पाण्याला इकडं येत होतं, चपलांचा आवाज जवळ येत होता. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हुंदका काही आवरेना.

"हापसा मार," त्या पदरातून म्हणाल्या. "जोरात मार. थांबू नको."

मी दांडा हातात घेतला. त्या गंजलेल्या हापशाचा आवाज सगळ्या आवारात घुमायला लागला. खोल गेलेलं पाणी आधी येईना, मग गुळण्या टाकत आलं. पाण्याला आलेली माणसं आमचं काम चाललेलं बघून परत गेली. आत्याबाई अंधाराकडं तोंड करून रडत होत्या आणि एका हातानं भरलेलं भांडं सरकवून दुसरं लावत होत्या. थेंब सांडू देत नव्हत्या. माझे हात भरून आले, तरी मी थांबले नाही. ओळीतलं शेवटचं भांडं भरलं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तोंडावर पाणी मारलं, पदर सारखा केला आणि कीर्तनाला जाऊन सगळ्यात मागं उभ्या राहिल्या.

सकाळी आम्ही त्या पाण्यानं तोंडं धुतली आणि पैठणची वाट धरली.